80 कोटी लायडार बिंदू आणि 16 जीबी मेमरी: जमिनीचं मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची रचना कशी करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. विमानातून केलेल्या लायडार, म्हणजे लेसरने जमिनीची उंची मोजणाऱ्या, सर्वेक्षणाचे सुमारे 80 कोटी बिंदू हाताशी आहेत, मशीनमध्ये 16 जीबी मेमरी आहे. त्यातून आधी त्रिकोणांचं जाळं, म्हणजे टिन, आणि त्यावरून 1 मीटरचा डीईएम, म्हणजे दर मीटरला एक उंची देणारा चौकटींचा नकाशा, काढायचा आहे. टाइल, म्हणजे क्षेत्राचे चौकोनी तुकडे, पाडून केलं तर टाइलच्या कडेला पायऱ्या दिसतात. म्हणून सुटे सुटे मॉड्यूल लिहून त्यांतून बिंदू वाहते ठेवावेत असं तुमच्या मनात आहे, पण नेमकं कुठे तोडायचं ते ठरत नाही.

मनात आलंय ते बरोबर आहे. मी पुण्यात सर्वेक्षणाच्या डेटावर काम करतो आणि अशी साखळी दोनदा लिहिली आहे. पहिल्यांदा मी प्रत्येक अल्गोरिदमचं एक मॉड्यूल केलं आणि त्यांच्यामधून फक्त बिंदू वाहू दिले. मॉड्यूल दिसायला सुबक होती, पण प्रत्येक मॉड्यूल शेवटचा बिंदू येईपर्यंत सगळं पोटात धरून बसायचं. दुसऱ्या वेळी आधी मॉड्यूलमधून काय काय वाहणार ते ठरवलं, आणि तोडायच्या जागा त्यातून आपोआप मिळाल्या. बिंदूंसोबत एक हमीसुद्धा वाहिली पाहिजे: या भागात आता आणखी काही येणार नाही. माझ्या या सगळ्या उत्तरात सांगण्यासारखं मुख्य हेच आहे.

आधी हिशोब करू, कारण कधीकधी हे सगळं करायची गरजच नसते. बिंदू जितके, त्याच्या साधारण दुप्पट त्रिकोण होतात. तुमचे 160 कोटी होतील. एका त्रिकोणाला तीन शिरोबिंदूंचे आणि तीन शेजारी त्रिकोणांचे क्रमांक ठेवायचे, प्रत्येकी 4 बाइट धरले तरी 24 बाइट झाले. म्हणजे त्रिकोणांचे 38.4 जीबी, वर बिंदूंचे, प्रत्येकी 12 बाइट धरून, 9.6 जीबी. 48 जीबी तुमच्या 16 मध्ये बसणार नाहीत. हेच 10 कोटी बिंदू असते तर 6 जीबीत मावले असते आणि मी तुम्हाला सांगितलं असतं की सरळ मेमरीत घ्या आणि मोकळे व्हा. प्रवाही पद्धतीत लिहायला आणि तपासायला बरंच काम वाढतं, ते उगाच ओढवून घेऊ नये.

आता टाइलच्या पायऱ्या. बरेच जण म्हणतात बफर वाढवा, म्हणजे टाइलच्या कडेबाहेरचे आणखी थोडे बिंदू सोबत घ्या. मीही वाढवत होतो. कोकणातल्या एका खाडीच्या कामात टाइलभोवती 20 मीटरचा बफर होता. खाडी त्या जागी 140 मीटर रुंद, आणि टाइलची कड तिला आडवी छेदून जात होती. सर्वेक्षणाच्या लायडारचा 1064 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड किरण पाण्यात शोषला जातो, किंवा शांत पाण्यावर आरशासारखा परावर्तित होऊन भलतीकडे जातो, त्यामुळे पाण्यावर बिंदू जवळपास नसतातच. मग या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेले लांबलचक त्रिकोण तयार होतात. हे जाळं नेहमी डेलोने पद्धतीने विणतात. तिचा नियम असा की कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात दुसरा बिंदू असता कामा नये. शाळेतलं परिवर्तुळच ते, तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं. त्या लांब त्रिकोणांच्या परिवर्तुळांची त्रिज्या 70 मीटरच्या वर होती. म्हणजे त्रिकोण राहणार की मोडणार हे ठरवणारे बिंदू बफरच्या पलीकडे होते, टाइलला ते दिसतच नव्हते. दोन टाइलनी पाण्यावर दोन वेगवेगळी जाळी विणली. डीईएममध्ये खाडीच्या आरपार 40 सेंटिमीटरची सरळ रेघ उमटली आणि पुराचं मॉडेल चालवलं तेव्हा पाणी त्या रेघेला बांध असल्यासारखं अडलं. बफर किती पुरेल याचं उत्तर डेटा बघितल्याशिवाय देताच येत नाही, हे मला त्या रेघेने शिकवलं.

या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर 2006 मध्ये मार्टिन आयझेनबर्ग, युआनशिन लिऊ, जोनाथन श्यूचक आणि जॅक स्नोइंक या चौघांनी दिलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात 1999 च्या फ्लॉइड चक्रीवादळाने प्रचंड पूर आला. त्यानंतर पूररेषा नव्याने आखण्यासाठी त्या राज्याने लायडार सर्वेक्षण हाती घेतलं. त्यातल्या न्यूस नदीच्या खोऱ्याचा 11.2 जीबी डेटा या चौघांनी घेतला आणि दोन हार्ड डिस्क असलेल्या एका लॅपटॉपवर 48 मिनिटांत शंभर कोटी त्रिकोणांचं जाळं केलं. मेमरी लागली 70 एमबी. मी पहिल्यांदा तो आकडा वाचला तेव्हा जीबीच्या जागी चुकून एमबी छापलंय असंच वाटलं होतं.

त्यांची युक्ती समजायला पंगत आठवा. शेवटचा माणूस जेवून उठला हे नक्की कळल्याशिवाय घरात झाकपाक करता येत नाही. कोणीतरी अजून यायचंय एवढी शंका असली तरी भांडी मांडूनच ठेवावी लागतात. मेमरीचंही तसंच आहे. एखाद्या भागातले त्रिकोण तुम्ही धरून बसता, कारण तिथे अजून बिंदू येईल की काय याची खात्री नसते. ती खात्री कोणी लेखी दिली तर त्रिकोण लगेच डिस्कवर लिहून जागा मोकळी करता येते. त्या लेखी खात्रीला मी शिक्का म्हणतो.

शिक्का मारायचं काम पहिल्या मॉड्यूलचं. माझ्याकडे त्याचं नाव मोजणी. सगळ्या क्षेत्रावर चौकोनी खणांची जाळी टाकायची, समजा 512 गुणिले 512. फाइल पहिल्यांदा वाचायची ती बाहेरची चौकट मिळवायला. लास फाइलच्या (लायडारचे बिंदू बहुधा याच प्रकारच्या फाइलमध्ये येतात) हेडरमध्ये चौकट दिलेली असते, तरी मी स्वतः वाचून पडताळतो, कारण हेडर खोटं निघालं तर पुढचं सगळं खोटं. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक खणात किती बिंदू आहेत ते फक्त मोजायचं. तिसऱ्यांदा वाचताना तो आकडा एकेकाने कमी करत जायचं. एखाद्या खणाचा आकडा शून्यावर आला की त्या खणाचे साठवलेले सगळे बिंदू पुढच्या मॉड्यूलला द्यायचे आणि मागोमाग शिक्का: खण 181, 304 संपला. ज्या खणात मुळात बिंदूच नाहीत त्यांच्यावर आणि चौकटीबाहेरच्या सगळ्या जगावर सुरुवातीलाच शिक्का पडलेला धरायचा. एक गोष्ट मात्र विसरू नका. प्रत्येक भागातले थोडे विखुरलेले बिंदू मुद्दाम वेळेआधी पुढे सोडायचे. नाहीतर जाळं एकाच बाजूने वाढत जातं, कडेला सुईसारखे त्रिकोण साचतात आणि काम रांगायला लागतं.

जाळं विणणाऱ्या मॉड्यूलचा नियम मग सोपा होतो. त्रिकोणाचं परिवर्तुळ ज्या ज्या खणांना शिवतं त्या सगळ्यांवर शिक्का पडला असेल, तर तो त्रिकोण आता कोणीच मोडू शकत नाही. लिहा आणि सोडून द्या. शिक्का न पडलेला एखादा जरी खण सापडला, तर त्या खणाच्या यादीत त्रिकोण अडकवून ठेवायचा आणि त्या खणावर शिक्का पडेल तेव्हाच पुन्हा बघायचा. दर वेळी सगळे त्रिकोण तपासत बसलात तर वेळ कुठल्या कुठे जातो. खाडीवरचे ते लांब त्रिकोण इथे आपोआप नीट होतात. त्यांची परिवर्तुळं मोठी म्हणून ते जास्त वेळ मेमरीत थांबतात, बस्स. बफर किती हा प्रश्न उरतच नाही.

आता जिथे मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घालवला तो भाग, आणि इथेच तुमचे मॉड्यूल खरे सुटे होणार की नाही ते ठरतं. पहिल्या मॉड्यूलचा शिक्का तसाच पुढे ढकलता येत नाही. मोजणी म्हणते, या खणात आता बिंदू येणार नाही. जाळं हाच शिक्का जसाच्या तसा रास्टरच्या, म्हणजे त्रिकोणांवरून डीईएमचे पिक्सेल भरणाऱ्या, मॉड्यूलला देऊ लागलं तर रास्टर त्याचा अर्थ लावेल, या खणावर आता त्रिकोण येणार नाही. हे साफ चूक आहे. बिंदू संपले तरी त्या खणावर पसरलेला एखादा मोठा त्रिकोण शेजारच्या खणासाठी अडकून पडलेला असू शकतो. माझ्या दुसऱ्या साखळीच्या पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच झालं. रास्टरने खण पूर्ण समजून डिस्कवर लिहून टाकले, त्रिकोण नंतर पोचले, आणि डीईएममध्ये ठिकठिकाणी त्रिकोणी भोकं राहिली. आधी मला वाटलं सर्वेक्षणातच बिंदू कमी आहेत. भोकांचे कोपरे अगदी लायडारच्या बिंदूंवर टेकलेले दिसले तेव्हा लक्षात आलं की हे त्रिकोण विणले गेले आहेत, पण उशिरा आले आहेत.

म्हणून नियम असा ठेवा की प्रत्येक मॉड्यूल मागच्याचा शिक्का स्वतःपाशी ठेवून घेईल आणि आपल्या भाषेतला स्वतःचा शिक्का पुढे मारेल. जाळ्याचा शिक्का म्हणजे, या खणाला शिवणारा एकही त्रिकोण आता बाकी नाही. तो काढायला मी काही खण संपले की एकदा मेमरीतल्या जिवंत त्रिकोणांची यादी फिरतो, त्यांच्या चौकटी ज्या खणांवर पडतात ते बाजूला ठेवतो, आणि बिंदू संपलेल्या बाकीच्या खणांवर शिक्का मारतो. जिवंत त्रिकोण थोडेच असतात, त्यामुळे हे फिरणं जड जात नाही. जाळ्याच्या बाहेरच्या कडेला जे काल्पनिक त्रिकोण धरावे लागतात, तेही या यादीत हवेत. नाहीतर पुढे आलेल्या एखाद्या बिंदूमुळे कड बाहेर सरकते आणि ज्या रिकाम्या खणावर तुम्ही शिक्का मारून बसलात तिथे नवा त्रिकोण येतो.

हा नियम पाळला की रास्टरचं मॉड्यूल अगदी लहान होतं. त्रिकोण आला की त्याच्यावर पडणाऱ्या पिक्सेलची उंची काढायची, खणावर शिक्का आला की तो खण लिहून टाकायचा, भरल्याविना राहिलेल्या पिक्सेलना रिकामं म्हणायचं. त्याला डेलोने काय असतं हे माहीतही असायची गरज नाही. उद्या तुम्हाला डीईएमऐवजी समोच्च रेषा हव्या झाल्या तर रास्टरच्या जागी दुसरं मॉड्यूल लावा, मागचं काही हलत नाही.

जमिनीचे बिंदू झाडा-घरांपासून वेगळे करणारी चाळणी मोजणी आणि जाळं यांच्यामध्ये बसते, आणि तिलाही हाच नियम लागू आहे. ती कुठल्याही बिंदूचा निर्णय आजूबाजूचे बिंदू बघून घेते, म्हणजे तिला पोहोच असते, आणि तेवढ्या अंतरातले सगळे खण संपल्याशिवाय तिला आपला शिक्का मारता येत नाही. ही पोहोच वाटते त्याहून मोठी निघते. चाळणी आकाररूपी असेल, म्हणजे आधी पृष्ठभाग झिजवणारी आणि मग फुगवणारी, तर खिडकीच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतर लागतं. खिडकीची त्रिज्या 1 पासून 18 पिक्सेलपर्यंत एकेकाने वाढवत एकीच्या निकालावर दुसरी चालवलीत, तर कागदावर पोहोच 342 पिक्सेल होते. प्रत्यक्षात उंचीतला फरक इतक्या लांबून क्वचितच येतो, म्हणून मी अंतर वाढवत नेलं आणि उत्तर बदलायचं थांबलं तिथे थांबलो. पण हे तुमच्या भूभागावर तुम्ही स्वतः करून बघा. सह्याद्रीच्या कड्यावरचा आकडा आणि सपाट काळ्या रानातला आकडा एक नसणार. आणि सगळा डेटा पुन्हा पुन्हा फिरून जाळं घट्ट करत नेणाऱ्या चाळण्या प्रवाहात बसवायचा हट्ट धरू नका. त्या टाइलवर चालवून घ्या, जमिनीच्या बिंदूंवर वर्ग 2 ची, म्हणजे लास फाइलमधली जमिनीची, खूण करून ठेवा, आणि प्रवाह तिथून पुढे सुरू करा.

मेमरी किती लागेल हे बिंदू कुठल्या क्रमाने येतात त्यावर ठरतं. विमान पट्ट्यापट्ट्यांनी उडतं, त्यामुळे शेजारचे बिंदू बहुधा जवळजवळच येतात आणि काम निभतं. एका कामात मात्र डेटा 97 टक्के वाचून झाला तरी मधल्या कितीतरी खणांवर शिक्का पडला नव्हता, मेमरी चढतच होती. मी दिवसभर मोजणीच्या कोडमध्ये बग शोधला. बग नव्हताच. विमानाने शेवटी सगळ्या पट्ट्यांना काटकोनात छेदणाऱ्या दोन-तीन आडव्या पट्ट्या मारल्या होत्या. पट्ट्यांची उंची आपसांत जुळवायला त्या मारतातच. त्या फाइल नावाने शेवटी येत होत्या. प्रत्येक उभ्या पट्टीच्या वाटेतले काही खण त्या आडव्या पट्टीची वाट बघत उघडे होते, आणि त्या खणांमध्ये अडकलेल्या परिवर्तुळांमुळे आजूबाजूचंही जाळं सुटत नव्हतं. आडव्या पट्ट्यांच्या फाइल यादीत पहिल्या आणल्या आणि तोच प्रोग्राम, एक ओळ न बदलता, निवांत चालला. तुमच्या डेटाचा क्रम कोणी विस्कटला असेल, तर आधी जाड जाड खणांत वाटून डिस्कवर मांडून घ्या.

मॉड्यूल जोडायला मी युनिक्सचे साधे पाइप वापरतो, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला पोचवणारी नळी. प्रत्येक मॉड्यूल वेगळी प्रोसेस. पुढचं मॉड्यूल मागे पडलं की पाइप भरतो, लिनक्सवर तो मुळात 64 केबीचा असतो, आणि मागचं आपोआप थांबतं. वाट बघण्याचा कोड मला लिहावाच लागला नाही, आणि चार मॉड्यूल चार कोअरवर एकाच वेळी चालतात. फक्त मोजणीला फाइल तीनदा वाचावी लागते, त्यामुळे तिच्या मागे पाइप लावता येत नाही. पाइपमधला निरोप लहान ठेवा: पहिला बाइट प्रकाराचा, म्हणजे बिंदू, त्रिकोण की शिक्का, आणि मग आकडे.

ते आकडे पूर्णांक ठेवा, एवढी माझी कळकळीची विनंती. यूटीएम या नकाशाच्या सहनिर्देशक पद्धतीत पुण्याचं विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर सुमारे 20.5 लाख मीटर आहे. 32 बिटांच्या दशांश संख्येत त्या जागी दोन शेजारच्या आकड्यांत 12.5 सेंटिमीटरची फट असते. मुंबईत दादरला आलात की आकडा 20,97,152 च्या पलीकडे जातो आणि फट 25 सेंटिमीटर होते. लास फाइलमध्ये बिंदू मुळात पूर्णांकच असतात, सोबत एक पट आणि एक आरंभबिंदू देऊन. बहुधा सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमध्ये. ते तसेच पुढे न्या. याचा दुसरा फायदा मोठा आहे: बिंदू परिवर्तुळात आहे की बाहेर, हे ठरवणारं गणित चार अंतरांचे गुणाकार करतं, आणि अंतरं 30 बिटांत मावत असतील तर 128 बिटांच्या पूर्णांकात उत्तर अगदी अचूक येतं. सेंटिमीटरमध्ये 30 बिट म्हणजे दहा हजार किलोमीटरच्या वर, अख्खा देश मावेल. नागपूर यूटीएमच्या 44 व्या पट्ट्यात आणि पुणे 43 व्या पट्ट्यात पडतं, तेव्हा दोन्हीकडचा डेटा एकत्र करायचा असेल तर सगळा एकाच पट्ट्यात आणायचं काम मोजणीच्या आधी उरका.

सेंटिमीटरच्या जाळीवर बसलेल्या बिंदूंत चार बिंदू एकाच वर्तुळावर सापडणं नित्याचं आहे. तेव्हा कर्ण कुठला घ्यायचा हे बिंदू कुठल्या क्रमाने आले त्यावर सोडू नका, सहनिर्देशकांवरून ठरणारा पक्का नियम लावा. तसं केलंत तर तपासणी नेटकी होते: 10 लाख बिंदूंचा तुकडा घ्या, एकदा सगळा मेमरीत आणि एकदा प्रवाहातून विणा, दोन्हींचे त्रिकोण क्रमाने लावून फाइल जुळवा. एकही ओळ वेगळी निघता कामा नये. एकाच जागी दोन बिंदू आले तर कुठला ठेवायचा हेही आधीच ठरवून टाका. जमिनीसाठी मी खालचा ठेवतो.

प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दलही तुम्ही विचारलंय. मोजणी, चाळणी आणि रास्टर कशातही लिहा, जाळं मात्र सी++ किंवा रस्टमध्ये लिहा. आणि जाळ्याला हात घालायच्या आधी एक छोटं मॉड्यूल लिहा, जे कुठल्याही दोन मॉड्यूलच्या मध्ये पाइपमध्ये खोचता येतं. त्याने एवढंच करायचं: शिक्के लक्षात ठेवायचे, आणि शिक्का पडलेल्या खणात काही आलं तर खणाचा क्रमांक छापून थांबायचं. त्याला पूर्ण दिवससुद्धा लागणार नाही. माझ्याकडे ते पहिल्या आवृत्तीत असतं तर त्या त्रिकोणी भोकांचा उगम मला चालवल्या चालवल्या दुसऱ्या मिनिटाला कळला असता.